मथू नावाचं वायफाय

पावणेसात वाजले की आमच्या जिन्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. खालच्या मजल्यापर्यंत चपलाच चपला. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत एरवी चार माणसं एकत्र येतात ती पाण्याच्या टँकरवरून भांडायला. पण त्या पंधरवड्यात माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, दहा बाय बाराच्या खोलीत रोज तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीने बसत होती आणि कोणी कोणाला ‘जरा सरका हो’ म्हणत नव्हतं. मानायचाच असेल, तर तेवढा एक चमत्कार मानायला माझी हरकत नव्हती.

प्रत्येकाच्या हातात मोबाइल. ओवाळायला निरांजन धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. पडद्यावर वायफायची यादी उघडलेली. सातला एक मिनिट असताना कोणीतरी पंखा बंद करायचं. पंख्याने लहरी कापल्या जातात, असं सांगण्यात आलं होतं.

मग बरोबर सातला एकाच वेळी सगळीकडून कुजबूज उठायची. “आलं! आलं हो!”

तीस पडद्यांवर एकच नाव उमटलेलं असायचं. ‘मथू’.

मथू म्हणजे माझी आई, मथुराबाई. या नावाने तिला हाक मारणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याला जाऊन दोन महिने झाले होते.

“आत्मा म्हणजे काय?” चौरंगावर बसलेले उत्तरेश्वर महाराज विचारायचे आणि उत्तराची वाट बघायची सवय नसल्यामुळे स्वतःच सांगायचे, “फ्रिक्वेन्सी! वायफाय किती गिगाहर्ट्झ? दोन पॉइंट चार. दोन आणि चार? चोवीस! तत्त्वं किती? चोवीस! आपल्या ऋषींना जे ठाऊक होतं, ते राउटरवाल्यांना आत्ता कळतंय.”

लोक माना डोलवायचे. त्यात खालच्या मजल्यावरचा प्रज्ञेशही असायचा. तो खराडीला एका कंपनीत नेटवर्कचंच काम करतो. “सिग्नल रिअल आहे, ताई,” तो मला हळूच म्हणाला होता. “मी स्वतः चेक केलं. फुल बार्स.” त्याच्या कपाळावर घाम होता. संगणकातलं कळणारा माणूसच घाबरलाय हे पाहून बाकीच्यांची श्रद्धा दुप्पट झाली.

महाराजांच्या शेजारी, अप्पांच्या खुर्चीवर, एक चंदनाची पेटी असायची. तिच्यात त्यांच्या गुरूंच्या पादुका होत्या म्हणे. पेटीला कोणी हात लावायचा नाही. सात वाजून दहाच्या सुमारास महाराज डोळे मिटून उपरण्याखाली जपमाळ ओढायला लागायचे, आणि थोड्या वेळाने यादीत दुसरं नाव यायचं. नाव कसलं, निरोपच. पहिल्या दिवशी आला, ‘मी इथेच आहे’. नंतर एकदा, ‘मथू रडू नको’.

आणि नऊ दिवसांपूर्वी, ‘मथू औषध नको’.

त्या संध्याकाळपासून आईने गोळी बंद केली.

*

चार वर्षांपूर्वी आईच्या हृदयातला एक व्हॉल्व्ह बदलला. तो धातूचा आहे. अशा व्हॉल्व्हवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रोज रात्री आठला रक्त पातळ ठेवायची एक छोटी गोळी घ्यावी लागते. जन्मभर, एकही दिवस न चुकवता. व्हॉल्व्हचा आवाज येतो. खोलीत शांतता असली की आईच्या छातीतून मनगटी घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. अप्पा म्हणायचे, “आमच्या घरात भिंतीवर घड्याळ नाही, कारण एक चालतं-फिरतं आहे.”

मी फोनवर डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “गाठ धरायला लागली की तो आवाज बद्द होतो. कसंही करा, पण गोळी सुरू करा.”

तेव्हापासून मी रात्रभर आईशेजारी पडून तो आवाज ऐकत होते. आज कालच्यासारखाच आहे ना? जरा दबला आहे का? की मलाच तसं वाटतंय? गोळी कुटून वरणात घालावी, असंही मनात आलं. पण आईला फसवायला चौरंगावर बसलेला एक माणूस होता, तेवढा पुरे होता.

“महाराज म्हणाले ना,” आई शांतपणे सांगायची, “माझ्या आत धातू आहे. म्हणजे मीच अँटेना. गोळीनं रक्त पातळ होतं आणि लहर घसरते.”

“आई, तू दूरध्वनी खात्यात होतीस. तुला हे पटतं?”

“होते म्हणूनच पटतं.” तिने माझ्याकडे पाहिलं. “एकतीस वर्षं ट्रंक बोर्डवर बसले, तनू. कानाला हेडफोन लावून, कधी न पाहिलेल्या माणसांना कधी न पाहिलेल्या माणसांशी जोडून दिलं. कोणाचा मुलगा परदेशात, कोणाचा बाप मरायला टेकलेला. मी कॉर्ड लावायची आणि ते बोलायचे. आयुष्यभर दुसऱ्यांचे कॉल लावले. एक माझा नाही लागणार?”

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा आहे. पण त्या वाक्यात मला चूक सापडेना. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी ‘मी इथेच आहे’ ही अक्षरं पाहिली तेव्हा माझेही हात गार पडले होते. मी अंधश्रद्ध नाही. पण मी त्यांची मुलगी आहे.

*

हे सुरू झालं ते असं. अप्पा गेले आणि आईने ठरवलं, वर्षश्राद्धापर्यंत त्यांच्या टेबलावरची एकही वस्तू हलवायची नाही. चष्मा, टोपण काढून ठेवलेलं पेन, निळ्या पुठ्ठ्याची वही आणि लॅपटॉप, सगळं जिथल्या तिथे. लॅपटॉपचं झाकण मिटलेलं होतं, पण चार्जर भिंतीत तसाच होता आणि कडेचा हिरवा दिवा जळत होता. आई तो विझवू देईना. फोटोसमोरच्या समईइतकाच तो तिला महत्त्वाचा झाला होता.

तेराव्यानंतर महिनाभराने एका संध्याकाळी ती पहिल्यांदाच कीर्तन ऐकायला मोबाइल घेऊन बसली आणि वायफायच्या यादीत तिला ‘मथू’ दिसलं. ती किंचाळली. शेजारच्या शैलाकाकू धावत आल्या. त्यांनी पाहिलं, हात जोडले आणि दुसऱ्याच दिवशी उत्तरेश्वर महाराजांना बोलावून आणलं. महाराजांनी खोली निरखली, हिरवा दिवा पाहिला, मोबाइलवरचं नाव पाहिलं आणि आईला विचारलं, “हे कोणाचं नाव?” आईने सगळं सांगितलं. त्यानंतर ते रोज येऊ लागले. वर्षश्राद्धाला या खोलीत ‘तरंगपीठ’ स्थापन करायचं, हे त्यांनी आईकडून परस्पर कबूलही करून घेतलं होतं.

एक गोष्ट मी मनात टिपून ठेवली होती. एका गुरुवारी महाराज आले नाहीत. त्या दिवशी ‘मथू’ आलं, निरोप आला नाही. “संदेश उतरायला माध्यम लागतं,” दुसऱ्या दिवशी खुलासा झाला.

*

गोळी बंद होऊन दहावा दिवस. सकाळी आई शैलाकाकूंबरोबर देवळात गेली. मी अप्पांच्या खोलीचं दार लोटून घेतलं, त्यांच्या खुर्चीवर बसले आणि लॅपटॉपचं झाकण उघडलं. चोरी करत असल्यासारखं वाटत होतं.

अप्पांनी सदुसष्टाव्या वर्षी हट्टाने विंडोज सोडून लिनक्स शिकून घेतलं होतं. जुना लॅपटॉप भंगारात देण्याऐवजी त्यावर ते चढवलं आणि मग वर्षभर त्याच्याशी भांडत बसले. भांडणाची नोंद निळ्या वहीत होती. संकेतशब्दही पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत. अप्पांना गुपितं ठेवता येत नसत.

पडद्यावर कोपऱ्यात वायफायची खूण करडी होती. दाबून पाहिली, ढिम्म. सकाळी अकराला हे यंत्र मेलेलं होतं आणि संध्याकाळी सातला ते आपोआप आईचं नाव घेणार होतं. महाराजांकडे याचंही उत्तर होतं. दिवसा आत्मा विसावतो.

मी वही उघडली. ‘वायफाय जमले नाही तर’ असं शीर्षक, खाली अप्पांचं तिरपं अक्षर.

‘आधी कडेचे बटण बघावे. मग वायफायचे कार्ड जिवंत आहे का ते बघावे. मग आपण काय उद्योग केले ते आठवावे. बहुधा तिसरेच कारण निघते. नशिबाला मध्ये आणू नये, त्याला लिनक्स येत नाही.’

दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले, आणि मग बराच वेळ पुढचं पान दिसेना.

वहीत सांगितलं होतं तसं मी एकेक करत गेले. काळी खिडकी उघडून त्यांनी लिहिलेली आज्ञा अक्षर अक्षर पाहून टंकली. उत्तर दोन ओळींचं होतं. ‘हार्ड ब्लॉक: नाही. सॉफ्ट ब्लॉक: होय.’ शेजारी अप्पांची टीप होती: ‘हार्ड म्हणजे बटणाने बंद, सॉफ्ट म्हणजे आज्ञेने बंद. दुसरे असेल तर कार्ड ठणठणीत आहे. त्याला कोणीतरी गप्प बसायला सांगितले आहे.’

कोणीतरी.

पाठीमागे दार वाजलं. मी दचकून वळले. वारा होता.

पुढची आज्ञा, कार्डाला मोकळं करण्याची. खूण पांढरी झाली, यादी भरली. सोसायटीतली बारा-पंधरा नावं आली, आमच्या घरचं नेहमीचं वायफायही आलं. यंत्रात कोणी विसावलेलं नव्हतं. मग त्याला गप्प कोण बसवतं? वहीच्या पुढच्या पानावर होतं: ‘ठरल्या वेळी आपोआप कामे करून घ्यायची असतील तर वेळापत्रक.’ मी वेळापत्रक उघडलं. त्यात दोनच ओळी होत्या. त्यांचा अर्थ वहीवरून लावला तो असा: रोज सात वाजता कार्ड मोकळं कर आणि स्वतःच एक वायफाय सुरू कर, नाव ‘मथू’. रोज साडेआठला ते बंद कर आणि कार्ड गप्प कर.

त्या ओळींच्या वर अप्पांनी स्वतःसाठी एक शब्द लिहून ठेवला होता. ‘पोळ्या’.

त्याचा अर्थ मला लागला नाही. पण बाकीचं लख्ख होतं. आपल्या फोनवरून आपण दुसऱ्याला इंटरनेट देतो, तसंच अप्पांचा लॅपटॉप झाकण मिटलेलं असूनही रोज दीड तास देत होता. त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून. ते गेले हे लॅपटॉपला कोणी सांगितलं नव्हतं. आणि आम्ही कोणी त्याचा चार्जर काढला नव्हता.

मी एक प्रयोग केला. सातच्या ओळीच्या सुरुवातीला वहीत दाखवलेली खूण टाकली. म्हणजे ती ओळ आता पाळली जाणार नाही. झाकण मिटलं.

आई परत आल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

“आणि ‘औषध नको’ हे कुठे लिहिलंय त्यात?”

मी वेळापत्रक तीनदा वाचलं होतं. “त्यात नाही.”

“मग ते कोण लिहितं?”

मला माहीत नव्हतं. ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्या शांततेत मी टिकटिक ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू आली नाही. ती लांब गेल्यामुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

*

संध्याकाळी सात वाजले. पंखा बंद झाला. सात वाजून एक, दोन, तीन मिनिटं. तीस पडद्यांवर काहीही आलं नाही.

“आज काय झालं?” शैलाकाकूंचा आवाज चिरकला. “महाराज?”

मी महाराजांकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच खरी भीती पाहिली. ‘मथू’ हे नाव कुठून येतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं! ते स्वतःच इतके दिवस त्याला घाबरून होते. पण असा माणूस चटकन सावरतो. हात उपरण्याखाली गेला, ओठ हलायला लागले.

“कोपले आहेत,” ते म्हणाले. “कोणीतरी शंका घेतली आहे. यंत्राला कोणाचा तरी स्पर्श झाला आहे.”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. आणि त्याच वेळी यादीत एक नवीन नाव आलं.

‘मथू लवकर ये’.

लॅपटॉप मी गप्प केला होता. ओळ मी स्वतः बंद केली होती. मग हे कोण आहे?

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, अक्षरं वाचली आणि कोणी स्वयंपाकघरातून ओ द्यावी तशी हलक्या आवाजात म्हणाली, “येते हो.”

त्या दोन शब्दांनी मी जागी झाले. भीती गेली असं नाही. पण तिची दिशा बदलली. यंत्रात कोण आहे याची भीती मागे पडली. आता ही बाई खरंच जाईल, ही भीती उरली. आणि वहीतलं एक वाक्य आठवलं. ‘रेंज कुठून येते ते कळत नसेल, तर लॅपटॉप उचलून घरभर चालावे. आकडा वाढेल तिकडे जावे.’

मी टेबलापाशी गेले आणि लॅपटॉप उचलला.

“अगं!” शैलाकाकू ओरडल्या. “वर्षश्राद्ध व्हायचंय अजून!”

“तनू, ठेव तो खाली,” आई म्हणाली.

“दोन मिनिटं, आई. मग तू म्हणशील ते.”

चार्जर उपसला. मागून एक निळी वायरही ताणली गेली, तीही काढली. हिरवा दिवा पिवळा झाला. घरात कोणीतरी रडायला लागलं. मी यादी उघडली. प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो. शून्य ते शंभर. जवळ तितका मोठा. ‘मथू लवकर ये’ पुढे बासष्ट होतं.

“प्रज्ञेश, हा आकडा मोठ्याने वाच. मला चष्म्याशिवाय दिसत नाही.” हे खोटं होतं. मला दुसरं कोणीतरी बरोबर हवं होतं.

तो उठला. मी दाराकडे गेले. “पंचेचाळीस,” तो पुटपुटला. खिडकीकडे. “अठ्ठावन्न.” अप्पांच्या फोटोपाशी. “सहासष्ट.” शैलाकाकूंनी लगेच हात जोडले. मी फोटो ओलांडून खुर्चीकडे वळले. “ऐंशी... अठ्ठ्याऐंशी...” लॅपटॉप मी चंदनाच्या पेटीजवळ धरला. प्रज्ञेश पडद्याकडे बघतच राहिला.

“वाच की.”

“सत्त्याण्णव.”

“पेटी उघडा, महाराज,” मी म्हणाले.

“गुरुपादुका आहेत त्या! बाईमाणसाचा स्पर्श—” महाराज अर्धवट उठले. “आत्मा पादुकांपाशी येऊन बसलाय, एवढी साधी गोष्ट कळत नाही तुम्हाला? शिकलेल्या ना तुम्ही?”

दोघं-तिघं ‘बरोबर आहे’ म्हणालेसुद्धा. आकड्याने जागा सांगितली होती, माणूस नव्हता सांगितला. तेवढ्यात आई भिंतीचा आधार घेत उभी राहिली.

“तनू,” तिने विचारलं, आणि तिचा आवाज मला अनोळखी वाटला. नोकरीतला आवाज असावा तो, कोरडा, नेमका. “नंबर असेल ना याला? नाव कोणीही सांगतं. बोर्डवर रोज साहेब म्हणून बोलणारे शंभर असायचे. आम्ही नावावर जात नसू. कॉल कुठल्या लाइनवरून आलाय, ते बघायचो.”

प्रज्ञेशने कपाळावर हात मारला. “असतो, काकू. प्रत्येक यंत्राचा असतो. नाव कितीही वेळा बदला, नंबर यंत्राचाच दिसतो.”

“ह्यांच्या लॅपटॉपचा काय आहे?”

तो वहीत होता. शेवटचे दोन आकडे एकेचाळीस.

“आणि ह्या निरोपाचा?”

प्रज्ञेशने यादीत पाहिलं. “अठ्ठ्याण्णव.”

“म्हणजे ह्यांच्या लाइनवरून नाही आला.” आई दोन पावलं पुढे आली, महाराजांनी ‘बाई, पाप लागेल’ म्हणेपर्यंत तिने पेटीचं झाकण उघडलं आणि पादुका उचलून चौरंगावर ठेवल्या. खाली लाल मखमल होती. मखमलीखाली साबणाच्या वडीएवढं एक पांढरं राउटर, त्याला जोडलेली पॉवर बँक, आणि लुकलुकणारा निळा दिवा.

आईने राउटर उलटं केलं. पोटावर कागद चिकटवलेला होता. तिने तो प्रज्ञेशपुढे धरला.

“शेवटी अठ्ठ्याण्णव,” तो म्हणाला.

“हे वर्धक यंत्र आहे!” महाराजांचा आवाज चढला. “पलीकडच्या लहरी क्षीण असतात. त्यांना बळ द्यायला—”

“बरं,” आई म्हणाली. “मग बळ काढून बघू. क्षीण का होईना, आवाज येईलच की.”

आणि तिने वायर उपसली. बोटांची ती हालचाल मी लहानपणी तिच्या कार्यालयात पाहिली होती. बोलणं संपलं की कॉर्ड काढायची, झटकन, मान न वळवता. निळा दिवा विझला. आम्ही सगळे आपापल्या पडद्याकडे बघत राहिलो. दहा सेकंद, वीस. मग एकेका मोबाइलवरून ‘मथू लवकर ये’ नाहीसं झालं.

“महाराज,” आई म्हणाली, “हा कॉल लोकल आहे.”

पुढचं फार नाही. उपरण्याखाली जपमाळ होती, तसा मोबाइलही होता. राउटरचं नाव त्यावरूनच बदललं जात होतं. असं नाव देवनागरीत फार तर दहा-बारा अक्षरांचं मावतं, म्हणून आत्मा इतका मितभाषी. जाताना महाराज पादुका चौरंगावरच विसरले. शैलाकाकूंनी त्या एका पिशवीत घालून जिन्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, “न्यायला येतील तेव्हा मला हाक मारा. मलाही थोडं बोलायचंय.”

प्रज्ञेश मात्र दारात रेंगाळला. “ताई, मी ऑफिसात दिवसभर हेच करतो. नंबर बघायचं मला सुचलंच नाही.” मग खाली बघत म्हणाला, “आमची आई गेल्या वर्षी गेली. तिचं नाव येईल का, ते बघायला यायचो मी.”

*

त्याच रात्री डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी आत्ता द्या आणि लगेच घेऊन या. गाठ धरायला सुरुवात झालीच होती. सहा दिवस इस्पितळात इंजेक्शनं चालली. “आणखी चार दिवस गेले असते तर हाती काही राहिलं नसतं,” डॉक्टर म्हणाले. सातव्या दिवशी घरी आणलं तेव्हा रिक्षात, सिग्नलला गाड्या थांबल्या असताना, मला ती टिकटिक ऐकू आली. स्वच्छ, कोरडी.

त्या दिवशी दुपारी आईने निळी वही मागून घेतली. “तू फक्त पुढूनच वाचलीस?” ती म्हणाली. “ते वही उलटीकडूनही लिहायचे. घरातलं सगळं मागून.”

मागच्या बाजूचं शेवटचं लिखाण, ज्या दिवशी दुपारी त्यांना इस्पितळात नेलं, त्याच सकाळचं होतं.

‘सौ.ची तक्रार: पोळ्या करताना कीर्तन मध्येच अडकते. स्वयंपाकघरात रेंज पोचत नाही. उपाय: राउटरपासून लॅपटॉपपर्यंत निळी वायर आणली (कपाटामागून, दिसत नाही). लॅपटॉपवरून वेगळे वायफाय. सात ते साडेआठ पुरे. नाव: मथू, म्हणजे यादीत शोधावे लागणार नाही. पासवर्ड: तिच्या बोर्डाचा नंबर, दोनदा. आठ अक्षरे लागतात. आज संध्याकाळी दाखवणे.’

आईने ते पान दोनदा वाचलं. मग वही मिटून मांडीवर ठेवली आणि पदराने पुठ्ठा पुसला, त्यावर काही नसताना.

अप्पांचा निरोप खरंच होता. तो पलीकडून आलेला नव्हता. जाण्याआधी, जिवंतपणी, अडचण समजून घेऊन, वायर ओढून त्यांनी तो ठेवला होता. त्यांच्या टेबलाला हात लावायचा नाही म्हणून आम्ही दोन महिने ती वही उघडली नाही, आणि जे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं ते दुसऱ्याच माणसाकडून ऐकत बसलो.

आपलं माणूस गेलं की आपण सगळेच कान लावून बसतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एखादी गोष्ट कळली नाही, तर ‘मला हे कळलं नाही’ एवढंच म्हणून थांबता आलं पाहिजे. पुढचं वाक्य दुसऱ्याला भरू देऊ नये. नाव दिसलं तर नंबर बघावा. जो डोळे मिटायला सांगतो, त्याची पेटी डोळे उघडे ठेवून बघावी. आणि तोवर, काहीही झालं तरी, डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये.

सातच्या ओळीपुढची खूण मी काढून टाकली. लॅपटॉप आता टेबलावरच असतो, निळ्या वायरीसकट. काल संध्याकाळी आई कणीक मळत होती. ओट्यावर मोबाइल उभा करून ठेवलेला. सात वाजले.

“तनू, हात पिठाचे आहेत माझे. तेवढे आकडे दाब. तेवीस सतरा, तेवीस सतरा.”

मी दाबले. एक चाक फिरलं, थांबलं, आणि कीर्तन न अडकता सुरू झालं.

“लागला,” आई म्हणाली, आणि पोळी लाटायला घेतली. आठला तिने हात धुतले आणि न सांगता गोळी घेतली.